घळीतली सरळ रेघ

ताईने जेवणाच्या टेबलावरची फळांची परडी उचलून फ्रिजवर ठेवली, टेबल आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसलं, आणि तेव्हा कुठे धाकट्या भावाचं जीपीएस पिशवीतून बाहेर काढलं. मुठीत मावेल एवढं यंत्र, पडद्याच्या कोपऱ्याला तडा गेलेला. त्या तड्याकडे शक्यतो बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि म्हणूनच नजर सारखी तिथेच जात होती.

सव्वा महिन्यापूर्वी भाऊ भटकंती मंडळाच्या बारा जणांना घेऊन डोंगरात गेला होता. मंडळात त्याला कप्तान म्हणत. उतरताना एका घळीच्या तोंडाशी त्याने सगळ्यांना थांबवलं आणि पुढची वाट कशी आहे ते पाहायला तो आणि औषधवाले असे दोघंच पुढे गेले. औषधवाले म्हणजे चौकातल्या औषधांच्या दुकानाचे मालक, त्याचे वीस वर्षांचे सोबती. नकाशात वाट होती. जागेवर ती शंभर पावलांत संपली आणि निसरडा कडा सुरू झाला. दोघंही घसरून पडले, आणि औषधवाले जागीच गेले. भावाच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आणि तेव्हापासून तो पलंगावर छताकडे बघत पडून होता. मंडळात कुजबुज सुरू झाली होती की कप्तानाने नको तिथे शहाणपणा केला आणि एका माणसाचा जीव घालवला. शनिवारी कार्यकारिणीची बैठक होती, आणि चूक कोणाची हे त्या दिवशी इतिवृत्तात उतरणार होतं.

"ताई, एवढं एक काम कर," भाऊ म्हणाला होता. "सरकारी, कंपनीचा आणि फुकटचा, तिन्ही नकाशे यंत्रात टाकून बघ. घळीतली वाट तिन्हींत आहे का ते बैठकीत सांग. तू सांगितलंस की कुणाची पुढे बोलायची छाती होणार नाही."

हे खोटं नव्हतं. ताई पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात सव्वीस वर्षं जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढत होती. मंडळाच्या अंकात 'यंदा कोणता नकाशा घ्यावा' हा लेख दरवर्षी तिचाच असे. लोक तिला मागे मोजपट्टी म्हणत, तिच्या काटेकोरपणाची टिंगल करत, आणि नवा नकाशा विकत घ्यायच्या आधी गुपचूप तिलाच फोन करत.

गुरुवारी तिने रजा टाकली आणि वहीत तीन रकाने आखले. सरकारी नकाशात उंचीच्या रेषा दर दहा मीटरवर, कडे दातेरी खुणांनी दाखवलेले, झरे जागच्या जागी. पण रंग इतके मिळमिळीत की उन्हात पडदा नाकाला लावावा लागे. कंपनीचा नकाशा देखणा. डोंगरांना सावल्या, जंगलाला गडद हिरवा रंग, आणि उंचीच्या रेषा मात्र वीस-वीस मीटरवर, म्हणजे पंधरा मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे खुशाल गडप. नटूनथटून येणारा आणि मुद्द्याचं तेवढं सोडून सगळं बोलणारा पाहुणा असतो, तसला हा नकाशा. तिसरा फुकटचा, हौशी लोकांनी घरबसल्या मिळून काढलेला. त्यात कुठे पायवाटेवरचा बाकसुद्धा होता, तर कुठे अख्खं गाव बेपत्ता.

घळ मात्र तिन्हींत होती, आणि घळीत उतरणारी तुटक रेघही. ताईने बटण दाबून एकेक नकाशा आलटून पालटून पाहिला. सरकारीत आहे, कंपनीच्यात आहे, फुकटच्यात आहे. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिने लगेच भावाला फोन लावला.

"तिन्हींत आहे रे."

पलीकडून तो म्हणाला, "बरं झालं. खूप बरं झालं, ताई."

जेमतेम पाव तास ती सुखात होती. वहीत वाटेची लांबी लिहायची राहिली होती, म्हणून तिने चित्र मोठं केलं. तीनशे दहा मीटर. आणि त्या तीनशे दहा मीटरांत एकही वळण नव्हतं. तिच्या कपाळाला आठी पडली. उतारावर माणूस कधी सरळ चालत नाही. तो दगडाला वळसा घालतो, झाडाला धरतो, चुकतो, मागे येतो. शिवाय तिघांनी वेगवेगळं जाऊन मोजलं असतं तर तीन रेघा थोड्या तरी इकडेतिकडे झाल्या असत्या. या तिन्ही एकमेकींवर तंतोतंत बसत होत्या. तीन मुलांच्या वह्यांत एकच चुकीचं उत्तर सापडलं की बाईंना काय ते कळतं, तसं तिला कळलं.

सरकारी नकाशाची जुनी आवृत्ती तिच्या कपाटात होती. त्यात ती वाट नव्हती. नव्या आवृत्तीत ती 'वापरकर्त्यांच्या नोंदींवरून' आली होती. कंपनीच्या नकाशाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की पायवाटा फुकटच्या नकाशातून घेतल्या आहेत. म्हणजे मूळ एकच. फुकटच्या नकाशात कुठली रेघ कुणी आणि कधी काढली याची नोंद सगळ्यांना उघडून बघता येते. ताईने संगणक सुरू केला आणि नोंद उघडली. तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. नाव तिचं होतं.

खुर्चीत बसूनही आपण पडतोय असं तिला वाटलं.

अकरा वर्षांपूर्वी भावाकडे संगणक नव्हता. डोंगरातून आला की तो यंत्र तिच्यापुढे टाकायचा आणि चहा मागायचा. त्या वर्षी तो याच डोंगरातून उतरत असताना घळीच्या तोंडाशी यंत्राचे सेल संपले होते. खाली ओढ्याशी पोचल्यावर त्याने विजेरीतले सेल काढून त्यात घातले. त्यामुळे त्याच्या चालीचे दोन तुकडे उमटले होते, एक वर संपणारा आणि एक खाली सुरू होणारा. मधे मोकळी जागा. आणि ताईला तुटलेली रेघ बघवत नाही. कचेरीत नळ एका चेंबरमध्ये शिरला आणि दुसऱ्यातून निघाला की मधे तो असणारच; तुटक रेघेने जोडायचा, आणि समासात 'जागेवर तपासणे' असं लिहायचं. तशीच तिने सवयीने ही रेघही जोडली. फुकटच्या नकाशाला समास नव्हता. तपासायचं राहून गेलं, आणि पुढे ती ते विसरूनही गेली.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. भावजय कामावरून यायची होती. ताईने पलंगाशेजारी स्टूल ओढलं आणि बसायच्या आधीच घाईघाईने बोलून टाकलं.

"ती रेघ माझी आहे. तुझे सेल संपले होते त्या वेळची."

भाऊ पांघरुणाच्या काठाशी चाळा करत राहिला. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"घळीच्या तोंडाशी उभा होतो तेव्हापासून. मागच्या खेपेला मी डावीकडून, डोंगराच्या धारेवरून उतरलो होतो, हे माझ्या पायांना आठवत होतं. औषधवाले म्हणाले, नकाशा तर सरळ जा म्हणतोय. मी म्हटलं, ही रेघ माझ्या बहिणीने ओढलीय. ती उगाच ओढायची नाही."

"मग मला कशाला हे तीन नकाशे बघायला लावलेस?"

"वाटलं, बाकीच्या दोघांनी स्वतः जाऊन मोजली असेल. तसं असतं तर वाट खरी होती, पुढे कधीतरी कोसळली असेल, असं झालं असतं. तू सुटली असतीस."

"दोघांनी माझीच उतरवून घेतलीय."

"हे आणखी कुणाला कळणार आहे?" तो कोपरावर उठायला गेला आणि कळ येऊन परत आडवा झाला. "ताई, ऐक माझं. शनिवारपर्यंत त्या रेघेला हात लावू नकोस. तीन नकाशे समोर ठेव आणि गप्प बस. माझं नाव राहील, तुझंही राहील. नंतर पूस हवी तर."

ती हो म्हणाली. तिला हो म्हणायचंच होतं, हे जिने उतरताना तिला कळलं, आणि स्वतःची लाज वाटली. शुक्रवारी दोनदा तिने संगणक उघडला. रेघ पुसायला मिनिटभर पुरे होतं. दोन्ही वेळा तिने तो मिटून ठेवला.

बैठक सकाळी अकराला बॅडमिंटनच्या हॉलवरच्या खोलीत होती. खालून रॅकेटचे फटके ऐकू येत होते. टेबलाभोवती नऊ माणसं होती, आणि दाराजवळच्या खुर्चीत औषधवाल्यांची बायको, दुकानातला पांढरा कोट अंगात तसाच. ती कधी डोंगरात गेली नव्हती. मंडळाच्या सचिवांनी बोलावलं म्हणून ती दुकान अर्ध्यावर बंद करून आली होती.

ताईने संगणक उघडून तिन्ही नकाशे भिंतीवर दाखवले. आवाज कापत नव्हता याचं तिला नवल वाटलं. सरकारी, कंपनीचा, फुकटचा, तिन्हींत वाट. माना हलल्या. ज्यांनी सगळ्यांत जास्त कुजबुज केली होती तेच आता सगळ्यांत जोरात हळहळले. सचिवांनी पेनाचं टोपण काढलं आणि 'कप्तानांचा दोष दिसत नाही' असं लिहायला घेतलं.

"मला एक विचारायचंय," औषधवाल्यांची बायको म्हणाली. "मला यातलं काही समजत नाही. पण आमच्याकडे एका औषधाबद्दल तीन कंपन्या एकच सांगायला लागल्या की आम्ही विचारतो, चाचणी तिघींनी केली का एकीनेच? इथे तिघांनीही जाऊन बघितलं होतं का?"

खोलीत सगळे ताईकडे बघायला लागले. नुसतं 'असेलच' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "कुणीच बघितलं नव्हतं. रेघ मी काढली. घरी बसून."

मग तिने सगळं सांगितलं, सेल, दोन तुकडे, मधली जागा. भावाला आठवलेली डावीकडची वाटही सांगितली आणि त्याने ती का सोडली तेही. सचिवांचं पेन कागदावर अडून राहिलं होतं. औषधवाल्यांची बायको रडली नाही, ओरडलीही नाही.

"हे तुम्हाला कळलं कधी?"

"परवा दुपारी."

"आणि ती रेघ?"

"अजून आहे."

"का?"

"भावाची बाजू मांडायला ती लागणार होती."

औषधवाल्यांच्या बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आज सुट्टी आहे. सकाळी कुणी निघालं असेल."

ही गोष्ट त्या खोलीतल्या एकाही भटक्याला सुचली नव्हती. ताईलाही नाही, आणि ती रोज नकाशांत डोकं घालून बसते. तिने तिथल्या तिथे रेघ पुसली. औषधवाल्यांची बायको उठून तिच्या खांद्यामागे उभी राहिली होती.

"गेली?"

"इथून गेली. पण ज्यांनी नकाशा आधीच यंत्रात उतरवून घेतलाय, त्यांच्याकडे ती तशीच असणार. बाकीच्या दोघांना कळवते, पण त्यांना महिने लागतील."

"पायथ्याला कोण राहतं?"

पायथ्याला मुक्कामाचं एक घर होतं. सचिवांनी नंबर दिला, औषधवाल्यांच्या बायकोने तो स्वतः लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. घराच्या मालकाने वही बघितली. चौघं सकाळी सातला निघाले होते, घळीने उतरणार म्हणून लिहून गेले होते. त्यांचा फोन त्याने लावून पाहिला. लागत नव्हता.

"तुम्ही बोला," औषधवाल्यांची बायको ताईला म्हणाली. "माझ्याने होणार नाही."

ताई फोनवर वाकली. "आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा. घळीशेजारच्या धारेवरून जाऊ दे. लांबूनच हाका मारायला सांगा. घळीत वाट नाही."

"नकाशात आहे की हो," मालक म्हणाला. "तुम्ही कोण बोलताय?"

ताईने आपलं पूर्ण नाव सांगितलं. "ती वाट मीच चुकीची काढलीय."

मग वाट बघण्याखेरीज हातात काही नव्हतं. कुणी घरी गेलं नाही. खालचा खेळ थांबला, दिवे बंद केल्याचा आवाज आला. ताईने मनातल्या मनात धारेची चढण पुन्हा पुन्हा मोजली, आणि दर वेळी तो माणूस उशिराच पोचत होता. फोन वाजला तेव्हा दुपारचा दीड वाजून गेला होता.

"सापडले," मालक म्हणाला. "चौघंही ठीक आहेत. घळीच्या तोंडाशी डबे उघडून बसले होते. जेवण झालं की उतरणार होते."

कुणीतरी देवाचं नाव घेतलं. सचिव खुर्चीत मागे रेलले. ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. औषधवाल्यांची बायको मात्र तशीच बसली होती, कोटाच्या खिशात हात घालून.

"यांचा डबा न उघडताच परत आला होता," ती म्हणाली. "दोघं म्हणाले असतील, आधी वाट बघून येऊ, मग सगळे मिळून जेवू."

आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा ती सगळ्यांसमोर रडली. ताई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला फार वाटत होतं, पण तो हात काही तिला उचलवला नाही.