वेस्ली कसा उठतो

उमाकांत घागला अमेरिकन फुटबॉलमधलं शष्प कळत नव्हतं, आणि तरीही कार्व्हरसाहेबांनी आपल्या मुलाची परीक्षा त्याच्याकडूनच करून घ्यायची असं ठरवलं होतं. साहेब सौदीतल्या हुफूफ शहराजवळच्या एका साइटवर मॅनेजर, उमाकांत तिथला स्कॅफोल्डिंग तपासणारा फोरमन. एका शुक्रवारी साहेबांनी कॅम्पामागच्या मैदानावर कबड्डी पाहिली. कोण कुणाला कुठे धरणार हे शेजारी उभा उमाकांत आधीच पुटपुटत होता, आणि तसंच घडत होतं. तेव्हापासून तो साहेबांच्या लेखी तज्ज्ञ झाला. तज्ज्ञ व्हायला माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

वेस्ली टेक्सासमधल्या एका छोट्या कॉलेजच्या संघात लाइनबॅकर होता. म्हणजे पुढच्या फळीमागे उभं राहायचं आणि बॉल घेऊन येईल त्याला आडवा करायचा. आपला कबड्डीतला कोपरारक्षकच, फक्त हेल्मेट घातलेला. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडणार होते. त्याआधी, येत्या शनिवारी, एक सामना होता आणि तिथे सगळ्या संघांची माणसं वह्या घेऊन बसणार होती. साहेबांना तत्पूर्वी परक्या डोळ्यांचं मत हवं होतं. त्यांनी तक्ताही करून दिला: वेग, पकड, अंदाज, दम, दहापैकी गुण.

साहेबांच्या टेबलावर उमाकांतच्या नोकरीच्या कराराचा कागद दोन आठवडे सहीवाचून पडला होता. सही नाही तर नवा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नाही, आणि इकामा नाही तर पन्नाशीतला उमाकांत महिनाअखेर गुहागरला. मुलीच्या, स्वप्नाच्या, नर्सिंगचं अजून एक वर्ष बाकी होतं.

खोलीतल्या तल्हाने, श्रीवर्धनच्या वेल्डरने, प्रश्न चुटकीसरशी सोडवला. "काका, पोरगा हिरा आहे म्हणायचं नि सही घेऊन यायचं. तुमच्या बापाचं काय जातंय?"

वेस्ली हिराच होता. उमाकांतने लॅपटॉपवर व्हिडिओ पाहिले आणि पकडीला नऊ गुण दिले. अंदाजाला तर दहा. पण गुहागरकडे खेळाडू निवडताना पकड बघत नाहीत. पकड कुणालाही शिकवता येते. पकड झाल्यावर गडी मातीतून उठतो कसा, ते बघतात. उठण्यात खोटेपणा करता येत नाही. आणि साहेबांचे व्हिडिओ तर शिट्टी वाजली की तिथेच कापलेले.

"सर, शिट्टीनंतरचं पाहिजे," उमाकांत म्हणाला. साहेब खूश झाले. असा कसून काम करणारा माणूस त्यांना साइटवरही मिळत नव्हता. त्यांनी दोन दिवसांत न कापलेली सगळी रेकॉर्डिंग मागवून दिली.

पहिल्या तीन सामन्यांत वेस्ली दोन्ही पायांवर ताडकन उठत होता. चौथ्यापासून उजवा हात आधी जमिनीला लागू लागला आणि डावा पाय मागून येऊ लागला. शेवटच्या दोन सामन्यांत तर तो हसत हसत सोबत्याकडे हात पुढे करायचा, त्याने ओढलं की उभा राहायचा. बघणाऱ्याला वाटावं, काय दोस्ती आहे!

उमाकांतने लॅपटॉप मिटला. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. एकविसाव्या वर्षी एका बँकेच्या कबड्डी संघाच्या चाचणीत तोही असाच हसला होता. गावचा संघ निवडणाऱ्या तुकारामदादांनी त्याचा दुखरा गुडघा ओळखला होता, पण पोराला नोकरी लागतेय म्हणून गप्प बसले. दुसऱ्याच महिन्यात गुडघा गेला, मागोमाग नोकरी. दादा वारले तरी उमाकांतचा त्यांच्यावरचा राग काही गेला नव्हता.

त्याने तक्ता पूर्ण भरला आणि तळाशी लिहिलं: डावा गुडघा दुखावलाय, चौथ्या सामन्यापासून. शनिवारी खेळवू नका.

दुपारी साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांची मान लाल झाली.

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही सर."

"हा खेळ कधी खेळलायस?"

"नाही सर."

"सगळ्या संघांच्या माणसांनी हे व्हिडिओ बघितलेत. त्यांना दिसलं नाही ते तुला दिसलं?"

"त्यांनी शिट्टीपर्यंतच बघितलं असेल, सर."

साहेबांनी त्याला तिथेच बसवून घेतलं, आणि याची चांगली जिरवायची म्हणून स्पीकरवर मुलाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. कराराच्या कागदाकडे बघायचं नाही असं उमाकांतने ठरवलं आणि लगेच बघितलं.

"वेस, इथे एक जण म्हणतोय तुझा डावा गुडघा गेलाय." साहेब हसत होते.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. साहेबांचं हसू हळूहळू ओसरलं.

"वेस?"

"ऑक्टोबरपासून, डॅड."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही माझी प्रत्येक मॅच चार-चारदा बघता," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "मला वाटलं, तुम्हाला दिसलंय. आणि तरी मी खेळावं असं तुमचं म्हणणं आहे."

स्पीकर बंद करायला साहेबांनी बोट पुढे केलं, पण बटण काही त्यांना सापडेना. शेवटी उमाकांतने ते दाबलं, फोन उचलून त्यांच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.