मूठभर लाल

शेणकाला, दोन घमेली, रोज सकाळी.

साखर कारखान्याची मळी, एक डबा.

टाक्यांच्या शेडमध्ये खिळ्याला अडकवलेली मेंढीच्या गळ्यातली पितळी घंटा. वारा पडलेला असतानाही ती वाजते. धुळाजीशिवाय कुणाला ऐकू येत नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. चकलांब्याच्या शिवारात उघड्यावर पाणी एकाच जागी: सूत रंगवणाऱ्या सहकारी संस्थेच्या मागच्या चरात.

आज ते लाल होतं.

“धुळाजी!” चेअरमन सुंदरराव चराच्या काठावरून ओरडले. “टाकीतले जिवाणू उपाशी ठेवलेस का काय? उद्या जिल्ह्याचे साहेब यायलेत, आन् हे काय हाय बे?”

“जेवले की, आण्णा. लई जेवले.”

“मग रंग कावून दिसतोय?”

“म्या घातला. मूठभर.”

“त्यांनी खाल्लेलं तू परत ओततोस व्हय?”

रंगाचं सांडपाणी साफ करणाऱ्या टाक्या धुळाजी सांभाळायचा. विद्यापीठातल्या बाईंनी त्याला सगळं समजावून दिलं होतं. पहिल्या, झाकलेल्या टाकीत जिवाणू रंग मोडतात. पाणी नितळ होतं, पण मोडलेल्या रंगाचं विष त्यात तसंच राहतं, दिसत नाही इतकंच. दुसऱ्या टाकीत यंत्रानं हवा सोडली, की तिथले जिवाणू ते विष संपवतात. “रंग गेला म्हणजे विष गेलं, असं समजू नका,” बाई म्हणाल्या होत्या. धुळाजीला ते पाठ होतं. जातीचा मेंढपाळ तो. जिवाणूंनाही कळपच म्हणायचा. सकाळी झाकणावर थाप मारून म्हणायचा, “उठा रे, चारा आलाय.”

मग वीज दिवसाला चार तासांवर आली. हवेचं यंत्र बंद पडलं, पाणी तुंबलं. सुंदरराव म्हणाले, “नितळ दिसतंय की. सोड.” धुळाजीनं वाकून पाहिलं. तळातला खडान् खडा दिसत होता. त्यानं झडप उघडली.

दोन दिवसांनी थोरला भाऊ हरिबा तहानलेली मेंढरं घेऊन आला. लाल पाणी असतं, तर त्यानं कळप लांबूनच वळवला असता.

बावीस मेंढरं. तिसऱ्या दिवसापर्यंत एकही उभं नव्हतं.

हरिबा भांडला नाही. म्होरक्या मेंढीच्या गळ्यातली घंटा सोडून त्यानं भावाच्या हातात दिली आणि परळीला वीजकेंद्राच्या राखेच्या गाड्या भरायला निघून गेला.

“ते झालं गेलं,” सुंदरराव आता हळू आवाजात म्हणाले. “साहेबांना नितळ पाणी दावायचंय. न्हाई तर संस्थेला टाळं. तुझी चाकरीबी जाईल.”

“दुसरी टाकी चालू करा, आण्णा. मग म्या रंग घालनार न्हाई.”

“वीज कुठून आनू?”

“मग लालच ऱ्हाऊ द्या. लाल दिसलं की मानूस मेंढरू वळवतं. नितळ दिसलं की पाजतं.”

सुंदररावांनी हात पुढं केला. धुळाजीनं कमरेची शेडची किल्ली काढून त्यावर ठेवली. शेडमध्ये जाऊन खिळ्याची घंटा घेतली, तिची जीभ मुठीत आवळून धरली. दारातून परत फिरला आणि राहिलेला मळीचा डबा पहिल्या टाकीत ओतला. जिवाणूंचा काय दोष होता?

मेंढरं पाण्यावर सोडण्याआधी हरिबानं विचारलं होतं. धुळाजीनं ओंजळभर पिऊन दाखवलं होतं.