माथ्यापर्यंतचे थांबे

बाबांनी डोंगर चढायचा बेत करायला घेतला, त्याच आठवड्यात मी त्यांच्यासाठी गोळ्यांचा डबा आणला होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे कप्पे असलेला. पंख्याच्या वाऱ्याने नकाशा उडू नये म्हणून त्यांनी तो डबा नकाशाच्या कोपऱ्यावर ठेवून दिला. मला रडू आलं आणि रागही आला. माझं हे नेहमीचंच आहे, दोन्ही एकदम येतात.

बाबा बस चालवायचे. शहरातून डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणि परत, हीच त्यांची फेरी, निवृत्त होईपर्यंत. सकाळी पाठीवर पिशव्या अडकवलेली तरणी पोरं ते पायथ्याशी उतरवायचे. संध्याकाळी तीच पोरं धुळीने माखलेली, खरचटलेली, पण हसत बसमध्ये चढायची. बाबा दर वेळी विचारायचे, "काय असतं रे वर?" कोणीतरी म्हणायचं, "काही नाही काका, नुसता वारा." नुसता वारा खायला एवढी मरमर कोण करतं, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत राहिला. स्वतः मात्र ते कधी वर गेले नाहीत. बस रस्त्यात सोडून कोणाला डोंगर चढता येतो? आणि सुट्टीचे दिवस आधी आमच्यात गेले, मग आईच्या आजारपणात.

डोंगर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. खाली दाट झुडपं, मधे काटेरी रान, वर उघडा कातळ. भले भले धडधाकट लोक अर्ध्या वाटेवरून माघारी येतात. आणि बाबांच्या बाबतीत डॉक्टरांचं म्हणणं असं होतं, की त्यांनी घराचा जिनासुद्धा चढू नये.

हे डॉक्टरांनी ताईला आणि मला सांगितलं, बाबा शेजारच्या खोलीत सदऱ्याची बटणं लावत होते तेव्हा. हृदय थकलंय, ऑपरेशन झेपणार नाही, वर्ष निघालं तर खूप. "त्यांना सांगा, पण बेताने," म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ताई बाबांना घेऊन टॅक्सीत बसली, मी औषधं आणायला गेले. घरी पोचले तेव्हा ताई निघून गेली होती. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. जेवताना म्हणाले, "वकीलबाई, एकदा तो डोंगर चढायचाय. आता नाही तर कधी?"

मी वाद घालते म्हणून मी वकीलबाई. प्रत्यक्षात मी चष्म्याच्या दुकानात काम करते. पण त्या दिवशी मी वाद घातला नाही. ताईने टॅक्सीत सांगितलेलं दिसतंय, एवढं मला कळलं. आपल्या मरणाची बातमी ऐकून आलेला माणूस पोरीसमोर डोंगराच्या गप्पा मारतो, तर आपण त्याचा खेळ का मोडायचा? "जाऊ या की," मी म्हणाले.

मग दर रविवारी बैठक बसू लागली. ताई शाळेत भूगोल शिकवते, नकाशा तिनेच आणला. बाबांना नकाशातल्या रेघा पटेनात. त्यांना थांबे हवे होते. "रस्ता म्हणजे थांबे. कुठे थांबायचं ते ठरलं, की पोचायचं आपोआप ठरतं." पोरांकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पहिला थांबा झऱ्याशी. दुसरा जळक्या झाडाखाली. तिथून काट्यांचा पट्टा, तिथे लांब बाह्यांचे कपडे. मग खिंड, आणि शेवटी कातळ, तिथे हात टेकत चढायचं. दुपार झाली की असू तिथून मागे वळायचं, मग माथा चार पावलांवर का असेना. "शेवटची बस चुकवणारे लोक मी पाहिलेत," बाबा म्हणाले. "सगळे म्हणतात, एवढंसंच राहिलं होतं."

ताई आणि मी एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं टाळत होतो. ती निघाली की मी तिला फाटकापर्यंत सोडायला जायचे. एकदा ती म्हणाली, "काय माणूस आहे गं. आपल्याला त्रास नको म्हणून किती करतायत." मी मान डोलावली. आम्हा दोघींना त्यांचा केवढा अभिमान वाटत होता! दुकानात चष्म्याची काच पुसता पुसता माझे डोळे भरून यायचे, आणि गिऱ्हाईक विचारायचं, नंबर वाढलाय का तुमचा.

बाबांनी तारीख ठरवली. जुने बूट काढून त्यांचे तळ चिकटवून आणले. संध्याकाळी ते गल्लीच्या टोकापर्यंत चालायला जाऊ लागले, आणि परत येताना कुंपणाला धरून उभे राहायचे. मी पडद्याआडून बघत असायचे. वाटायचं, हा खेळ ते जरा जास्तच मनावर घेतायत. पण आदल्या दिवशी तेच म्हणतील, राहू दे गं, पुढच्या महिन्यात बघू. मग आम्हीही हुश्श म्हणू, आणि पुढच्या महिन्याचं बोलू. असं करत करत जेवढे महिने जातील तेवढे जातील.

आदला दिवस आला. ताई दुपारीच आली, अंडी उकडायला. बाबा बाहेरच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या भरून एका रांगेत मांडत होते. शीळ घालत होते.

"अजून काही बोलले नाहीत," मी हळूच म्हणाले.

"बोलतील संध्याकाळपर्यंत," ताई म्हणाली. मग थोडं थांबून, "तू त्यांना सांगितलंस तेव्हा फार रडले का गं? मी तुला कधी विचारलंच नाही."

"मी? तू टॅक्सीत सांगितलंस ना?"

"ड्रायव्हरसमोर? वेडी आहेस का? मला वाटलं, तू घरी असतेस, रात्री निवांत सांगितलं असशील."

भांड्यातलं पाणी उकळून गॅसवर सांडलं, तरी आम्ही दोघी तशाच उभ्या. वाईट बातमी सांगायचं खातं आमच्याकडे आईचं होतं. कोणी गेलं, कोणाचं लग्न मोडलं, मी नापास झाले, काहीही असो. आई हात पुसून बाहेर यायची, समोर बसायची आणि सांगून टाकायची. ती गेल्यावर तिचं सगळं आम्ही वाटून घेतलं, भांडीकुंडीसुद्धा. हे खातं कोणी घेतलं नाही, आणि ते रिकामं पडलंय हेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

"तू सांग," ताई म्हणाली.

"थोरली तू आहेस."

"तुझं ऐकतात ते."

बाहेरून बाबांची हाक आली. "अगं, बूट घालून बघतोय, जरा नाड्या आवळा कोणीतरी. वाकलं की दम लागतो."

आम्ही दोघी बाहेर गेलो. मी खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला. घोटा सुजून गच्च झाला होता, बूट जेमतेम चढला होता. नाडी हातात धरून मी सांगितलं. आईसारखं सरळ सांगायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. मी हृदय म्हणाले, औषध म्हणाले, आणि वर्ष हा शब्द कसाबसा बाहेर आला. ताई दाराला टेकून रडत होती.

बाबांनी बाटल्यांकडे पाहिलं. "पण तुम्ही तर काही बोलला नाहीत," ते म्हणाले. "मला वाटलं, काही नसेल. काही असतं तर घरात कोणीतरी बोललं असतं. दम लागतो तो वयामुळे, असं धरून चाललो मी."

"बाबा, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"मग हा नकाशा, हे थांबे, हे काय होतं? मला खेळवत होतात?"

"नाही हो बाबा." माझा आवाज फाटला. "आम्हाला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय, आणि आम्ही खचू नये म्हणून तुम्ही आम्हाला खेळवताय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. राग असता तर मी सहन केला असता, भांडले असते. पण त्यांचा चेहरा नुसता ओशाळला होता.

"एवढा शूर समजलात मला?" ते म्हणाले. "मी नाही गं तसा. मला माहीत असतं ना, तर मी अंथरुणातून उठलोसुद्धा नसतो."

मी नाडी सोडून त्यांच्या पायातून बूट काढला. त्यांनी ताईला जवळ बोलावलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

"थोरले, आज घरी जाऊ नकोस," ते म्हणाले. "दोघी इथेच झोपा, माझ्या खोलीत. दिवा चालू ठेवा."