लांब शिट्टी

आमच्या खाणीला दरी म्हणायला लागले ते मुलुंडच्या नव्या बिल्डिंगांतले लोक. आम्ही बारा वर्षं तिथे दगड फोडला, आमच्या लेखी ती खाणच. शहाऐंशी साली ती बंद पडली आणि मालक दोन खेचरं आमच्या गळ्यात मारून निघून गेला. उन्हाळ्यात तिथे गवताची काडी दिसत नाही, दोन्ही अंगांना साठ-साठ फूट कडा. कोणी साहेब म्हणाला, अगदी वाळवंटातली दरी वाटते. झालं, माझ्या नवऱ्याने, धोंडिरामने, पत्र्यावर रंगवून घेतलं: ‘वाळवंटी दरीची सफर, खेचरावरून’. रविवारी माणसं यायला लागली. सगळी खेचराला घोडाच म्हणायची.

एकच गोष्ट आम्ही झाकून ठेवली होती. ह्यांना ऐकू येत नव्हतं.

खाणीत शिट्टी मारायचं काम ह्यांचं. सुरुंगाची वात पेटली की तीन तोकड्या शिट्ट्या, म्हणजे पळा. बार उडून दगड पडायचे थांबले की एक लांब, म्हणजे या. वातीच्या सगळ्यांत जवळ हेच असायचे, कान गेले त्यात नवल नाही. पण बहिऱ्याच्या भरवशावर आपलं पोर कोण सोडेल? म्हणून हे लगाम धरून पुढे चालायचे आणि मी मागून. कोणी काही विचारलं की मी उत्तर ठोकायची, हे नुसतं हसून मान हलवायचे. लोक मला तोंडाळ समजायचे. समजू देत.

मे महिन्यातल्या एका रविवारी श्यामकांत नावाचे मास्तर आले. शाळेत पीटी शिकवायचे, सुट्टीतसुद्धा गळ्यात शिट्टी. बरोबर बायको सुहासिनी आणि सहा वर्षांची राधा. राधाला आम्ही काजळीवर बसवलं. काजळी आमची खाणीतली जुनी, दोघींतली गरीब खेचर.

मास्तर कॅमेरा घेऊन पुढच्या दगडावर चढले. राधा कड्यावरची कबुतरं बघत होती, बापाकडे बघेना. तेव्हा त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि तिचं लक्ष वेधायला वाजवली. तीन वेळा, तोकडी.

काजळीचे कान ताठ झाले आणि ती गर्रकन मागे वळली. ह्यांना वाटलं, अडून बसली. ह्यांनी लगाम ओढला, ती येईना, तेव्हा लगामाच्या टोकाने तिच्या तोंडावर फटका मारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने हिसका देऊन लगाम सोडवला आणि राधाला घेऊन ती कपारीत घुसली. सुरुंगाच्या वेळी आम्ही आणि जनावरं त्याच कपारीत दडून बसायचो. छत ठेंगणं, पोर तिच्या मानेवर पालथी पडली म्हणून डोकं वाचलं.

सुहासिनी धावली तशी काजळीने मागची लाथ झाडली. मी सुहासिनीला धरून ठेवलं. आत कोणी शिरलं तर खेचर बुजून पोरीला भिंतीशी चेपणार, हे मला ठाऊक होतं. मी मास्तरांना सांगितलं की लांब शिट्टी मारा, वीस मोजेपर्यंत, त्या शिट्टीशिवाय काजळी बाहेर येणार नाही. त्यांनी मारली, पण भीतीने श्वास पुरेना. शिट्टी मधेच तुटली, पुन्हा तुटली, आणि तुटली की ती तोकडीच होते. काजळी आणखी आत सरकली. राधा आईला हाका मारत रडायला लागली.

हे मात्र लगामाने सोललेल्या तळव्याकडे बघत उभे होते. काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं. तेवढा लांब दम माझ्यातही नव्हता, तो फक्त ह्यांचा. मला फार वाईट वाटलं. वर्षभर मी जे झाकलं ते आता मीच उघडं करणार होते, आणि तेही सगळ्यांसमोर. मी मास्तरांच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, ह्यांच्यासमोर उभी राहिले, शिट्टी दाखवली आणि तीन बोटं वर केली. मग कपारीकडे हात केला. तोंडातून शब्द काढला नाही. सुहासिनी आधी माझ्याकडे बघत राहिली, मग ह्यांच्याकडे.

"मी मारलं तिला," हे म्हणाले. "तिचं बरोबर होतं."

त्यांनी शिट्टी घेतली, खाणीतल्यासारखे, धूळ जाऊ नये म्हणून, डोळे मिटले आणि फुंकर घातली. तीच जुनी शिट्टी, सरळ, कुठे न हलणारी. काजळीने कान पाडले आणि कामाला निघाल्यासारखी शांतपणे बाहेर आली. सुहासिनीने पोरीला ओढून छातीशी धरलं.

हे अजून फुंकतच होते, घशाच्या शिरा फुगल्या होत्या. श्वास संपला तेव्हा थांबले. डोळे मिटलेलेच.

"द्रौपदे, वाजली का?"

मी काजळीचा लगाम धरायला धावले होते. आईच्या कडेवरून राधाच म्हणाली, "वाजली, काका."

हे तसेच उभे होते, तिच्यापासून दोन हातांवर.

"वाजली का गं?" त्यांनी पुन्हा विचारलं.