खडकावरचा ग्रुप फोटो

बसा हो. उभं राहिलात म्हणून सुखदेव लवकर येणार नाही. तो घरी जेवायला गेलाय, आणि बडीशेप चघळून झाल्याशिवाय जागचा हलत नाही. तुमच्या सोसायटीची माणसं यायलाही वेळ आहे. तोवर त्या भिंतीवरच्या फोटोची गोष्ट सांगतो. हो, तोच, पक्ष्यांचा. शेजारचं फ्रेमचं दुकान माझं, ही फ्रेम मी केलीय म्हणून सांगत नाही, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

सुखदेव म्हणजे ग्रुप फोटोवाला. कसबा पेठेत पस्तीस वर्षं हेच काम. शाळेचे वर्ग, बँकेतली रिटायरमेंट, विहारातली शिबिरं, चौदा एप्रिलचं मंडळ. लग्नाला तो जात नाही, म्हणतो तिथं माणसं हलतात. त्याचा नियम एकच. फोटोत प्रत्येकाचं तोंड दिसलं पाहिजे आणि एकाचाही डोळा मिटलेला नको. त्यासाठी त्याची एक युक्ती होती. बाक लागले, उंच मागे, बुटके पुढे, सगळं झालं की तो ओरडायचा, "हं, इकडे!" आणि जोरात एक टाळी. टाळीनं माणूस दचकतो, डोळे मिटतो. मिटून उघडले की पुढचे दोन सेकंद कुणाच्या बापाचे मिटत नाहीत. तेवढ्यात बटण. एकदा एक मुख्याध्यापक खुर्चीत चक्क झोपले होते, तेही फोटोत टक्क जागे आलेत.

त्याची पोरगी पूर्वा. ती पक्षी मोजते. हसू नका, पगार मिळतो. कोकणात समुद्रात एक काळा खडक आहे, तिथं उन्हाळ्यात सुरय नावाचे पक्षी अंडी घालायला येतात. एवढी गर्दी, की दिवाळीच्या आदल्या दिवशीचं स्वारगेट मोकळं वाटावं. त्या खडकावर पर्यटकांसाठी पायऱ्या खोदायचं ठरत होतं. वर सेल्फी काढायला कठडा. पूर्वा म्हणाली, तिथं पक्षी राहतात. पर्यटन खात्याचे साहेब म्हणाले, किती?

गेल्या वर्षी तिच्या ऑफिसातल्या एकानं फोटो काढले होते. पक्षी पाठीकडून काळपट, खडक काळा. साहेबांनी फोटो सुलटा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, खडक छान आहे." यंदा मेअखेर आकडा आला नाही, तर पायऱ्यांचं काम सुरू होणार होतं.

ड्रोन उडवायचा नाही, पक्षी बिथरतात. खडकावर उतरायचं नाही, अंडी पायाखाली येतात. आणि समुद्र खवळायला लागला की होड्या बंद.

एक दिवस जेवताना पूर्वा म्हणाली, "पप्पा, गर्दीतला प्रत्येक जण वेगळा ओळखू आला पाहिजे. असा फोटो कोण काढतं?"

सुखदेवनं हात धुतले. "किती जण आहेत?"

"हजार, दीड हजार."

"बाक मिळतील?"

"पप्पा!"

"बरं, बरं."

कांताबाईंनी चपात्या बांधून दिल्या आणि नवऱ्याला सांगितलं, "टोपी घाला. ते वरून करतात."

तर हे बापलेक होडीत बसले. पूर्वानं वाटेत तीनदा बजावलं. बोलायचं नाही, एकदम उठायचं नाही, टाळी तर अजिबात नाही.

"मी काय लहान आहे का?" सुखदेव म्हणाला.

त्या मोठ्या खडकाच्या आजूबाजूला बारके खडक आहेत. त्यातल्या एकावर होडीवाल्यानं त्यांना उतरवलं. सुखदेवनं स्टँड लावला, कॅमेऱ्यात डोळा घातला आणि तसाच राहिला.

"पूर्वा, हे सगळे पाठ करून बसलेत."

"वाऱ्याकडे तोंड करून बसतात ते. पिसं विस्कटत नाहीत."

"मग आपण चुकीच्या बाजूला आहोत."

"मोजायला तोंड कशाला लागतंय, पप्पा?"

"गेल्या वर्षी कुठून काढलेला?"

"इथूनच."

तेवढ्यात एका पक्ष्यानं मान वळवली. डोकं काळं, पण कपाळावर चुन्याचं बोट ओढावं तसा पांढरा पट्टा.

"कपाळं मोज," सुखदेव म्हणाला. "काळ्यावर काळं काय मोजतेस?"

एमएस्सी झालेली पोरगी, वळून होडीवाल्याला म्हणाली, "काका, पलीकडे न्या."

"थंय लाट मारता," होडीवाला म्हणाला. "अर्धो तास. मगे मी रवाचंय नाय." म्हणजे अर्ध्या तासानंतर तो थांबणार नव्हता.

पलीकडचा खडक ओला, निसरडा. सुखदेवनं स्टँडचे पाय कपारीत ठोकून बसवले. आणि मग बघितलं, तर समोर फोटो तयार. वरच्या कंगोऱ्यावर एक रांग, खाली दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्यांची तोंडं याच्याकडे. चौदा एप्रिलला मंडळाच्या पोरांना एवढं उभं करायला त्याचा घसा बसतो. इथं वाऱ्यानं फुकटात करून ठेवलं होतं.

फक्त निम्मे पक्षी डुलक्या काढत होते. कुणी चोच पिसांत खुपसलेली, कुणी मान आत ओढून बसलेला. कपाळं दिसेनात. सुखदेव थांबला. वीस मिनिटं थांबला. एक जागा व्हायचा तर दुसरा झोपायचा. होडीवाल्यानं हातानंच खूण केली, चला आता. एक लाट येऊन सुखदेवच्या चपला घेऊन गेली.

आणि त्याच्या हातांनी ते केलं. तो अजून म्हणतो, मी नाही केलं, हातांनी केलं.

"हं, इकडे!" आणि टाळी.

खडकच उठून वर गेल्यासारखं झालं. आभाळ भरलं, नुसता किचकिचाट. टोपीवर जे पडायचं ते पडलं. कांताबाईंचं म्हणणं खरं ठरलं.

पूर्वा ओरडली नाही. तिनं फक्त बापाकडे पाहिलं. सातवीत तिच्याच वर्गाच्या फोटोत त्यानं तिला कडेला उभं केलं होतं, तेव्हा पाहिलं होतं तसं.

"उन्हात अंडी उकडतात, पप्पा," एवढंच म्हणाली.

सुखदेवनं तोंड लपवायला म्हणून कॅमेऱ्यात डोळा घातला. तर तिसऱ्या रांगेत कावळा उतरलेला. समुद्रात, एवढ्या आत, कावळा! त्यानं इकडं तिकडं पाहिलं, निवांत एक अंडं उचललं आणि गेला. सुखदेवनं बटण दाबलं नाही.

तीन-चार मिनिटांत पक्षी परत आले. ढकलाढकली नाही, ज्याची त्याची जागा ठरलेली. बसले, आणि सगळ्यांनी माना ताठ करून टाळी वाजवणाऱ्या येड्याकडे पाहिलं. हजारभर पांढरी कपाळं, एकही डोळा मिटलेला नाही.

"काढा आता," पूर्वा दात आवळून म्हणाली.

त्यानं तीन फोटो काढले.

पुढं पूर्वानं चार दिवस कॉम्प्युटरवर बसून एकेका कपाळावर लाल ठिपका दिला. तेराशे सत्तेचाळीस. साहेबांनी वरची रांग स्वतः मोजली आणि म्हणाले, "बरं." पायऱ्या सध्या कागदावरच आहेत.

रिपोर्टात एक रकाना असतो, पक्ष्यांना काय त्रास झाला त्याचा. पूर्वानं त्यात लिहिलं होतं: टाळी एक, अंडं एक, कारण फोटोग्राफर. सुखदेवनं ते दोनदा वाचलं.

"नाव का नाही घातलंस?"

"लाज वाटली."

"माझी?"

"माझी. तुम्हाला मी नेलं होतं."

त्यानं हा फोटो मोठा करून आणला आणि मला म्हणाला, काच चांगली टाक. जरा पुढं होऊन बघा. तिसरी रांग, डावीकडून. सगळे बसलेत, एकटाच उभा आहे आणि पायाशी काही नाही. दिसला? येणारे जाणारे म्हणतात, काय गर्दी आहे! सुखदेव दुकान उघडलं की आधी त्या एकाकडे बघतो.

तेव्हापासून टाळी बंद. हात दुखतो म्हणतो. साफ खोटं, परवा माझं कपाट त्यानंच उचललं. आता तो कॅमेऱ्यामागं नुसता उभा राहतो, सगळ्यांचे डोळे आपणहून उघडेपर्यंत. पंधरा मिनिटं लागतात, वीस लागतात. मागच्या आठवड्यात एक रिटायर साहेब वैतागले आणि स्वतःच टाळी वाजवली. सुखदेवनं स्टँड मिटला आणि घरी निघून आला. त्या लोकांनी फोटो मोबाईलवर काढला. त्यात सहा जणांचे डोळे मिटलेत, मी बघितलाय.

तो बघा, आला कोपऱ्यावर. तुमचीही माणसं जमायला लागली. उन्हात उभं राहावं लागेल, राहा. पण तुमच्यात कुणी हौशी असेल ना, त्याला आत्ताच कोपऱ्यात घ्या आणि फोटो होईपर्यंत हात खिशात ठेवायला सांगा. एवढं माझ्यासाठी कराच.