तेवीस वायरी

"आजी, ह्या साड्या काढाव्या लागतील," शिडीवर उभा असलेला वायरमन मच्छिंद्र म्हणाला. "इथं बॉक्स बसायचा हाय."

द्वारकाबाईंनी वर्तमानपत्रावरून नजर हलवली नाही. "कसला बॉक्स?"

"इंटरनेटचा. समद्या घराच्या वायरी इथंच तर आणल्यात."

ते त्यांना दिसतच होतं. कपाटाच्या पाठीला पाडलेल्या भोकातून निळ्या वायरींचा झुबका बाहेर आला होता आणि त्यांच्या साड्यांच्या खणावर लोंबत होता. सकाळी चहा पिताना त्यांनी मोजल्या होत्या. तेवीस. घरात माणसं चार.

त्यांनी मुलाला हाक मारली. पृथ्वीराज कानातलं यंत्र न काढताच आत आला आणि आधी कोणाला तरी इंग्रजीत 'एक मिनिट' म्हणाला. मग त्याने आईला समजावून सांगितलं. हॉलमध्ये तो बॉक्स ऋतुजाला, म्हणजे घराची सजावट करणाऱ्या मुलीला, नको होता. तिला क्लीन लुक हवा होता. त्याच्या आणि शेफालीच्या बेडरूममध्ये बसवला तर आतल्या पंख्याची रात्रभर घरघर. नातवाच्या, ऋषीच्या खोलीत बसवला तर त्याच्या अभ्यासाचं नुकसान.

"म्हणजे माझी खोली बेडरूम नाही," द्वारकाबाई म्हणाल्या.

"आई, तू आता सुरू करू नकोस प्लीज. परवा वास्तुशांत आहे."

त्यांनी सुरू केलं नाही. घराचा नकाशा त्यांनी पाहिला होता. तळमजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत छापलं होतं, 'आई / युटिलिटी'. निदान आपलं नाव रेघेच्या अलीकडे आहे, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. त्यांनी साड्या काढून पलंगावर ठेवल्या आणि पलंगाच्या उरलेल्या भागावर बसून पेपर वाचून संपवला.

हा प्लॉट त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी घेतला तेव्हा संध्याकाळनंतर कर्वेनगरला यायला रिक्षावाले तयार नसत. आताच्या या बंगल्याच्या जागी तेव्हा दोन खोल्यांचं घर होतं. त्या घरातून सायकलवर निघून द्वारकाबाई टेलिफोन खात्यात जात. ट्रंक ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर भोकांची उंच पाटी, हातात दोर. या गावाचा दोर त्या गावाच्या भोकात घातला की माणसं बोलू लागत. ऑर्डिनरी कॉलवाल्यांना तासन्‌तास थांबावं लागे, अर्जंटवाल्यांना जरा कमी, आणि दोघांचीही खात्री असे की ऑपरेटर मुद्दाम उशीर करते आहे.

"अहो बाई, झोपलात का?" असं सदाशिव पेठेतून कोणी विचारलं की द्वारकाबाई शांतपणे म्हणत, "आपण ओरडत असताना झोप कशी लागेल?" आणि दोर घालत. अशी वर्षं गेली. त्यांचा चेहरा कोणी पाहिला नव्हता, आणि शिव्या मात्र अर्ध्या जिल्ह्याच्या खाऊन झाल्या होत्या. पुढे लोक थेट नंबर फिरवायला लागले, बोर्ड बंद झाला आणि त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथे शिव्या समोरासमोर मिळत, एवढाच फरक. निवृत्त झाल्या त्या दिवशी साहेबांनी भाषणात त्यांचं नाव चुकवलं. त्यांनी दुरुस्त केलं नाही. ज्याला आपल्या हाताखालची माणसं माहीत नाहीत, त्याला एक नाव शिकवून काय होणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्र आला आणि कपाटासमोर डोक्याला हात लावून उभा राहिला. कोणती वायर कुठल्या खोलीतून येते, ते लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याने प्रत्येक टोकाला चिकटवल्या होत्या. आदल्या संध्याकाळी कपाटाला शेवटचा हात मारताना रंगाऱ्याने त्या सगळ्या ओढून काढल्या होत्या. का, तर रंग लागेल म्हणून. आता तेवीस वायरी, सगळ्या निळ्या, सगळ्या सारख्या.

त्याच्याकडे ओळखायचं साधन होतं, दोन डबड्या. एक खोलीतल्या पॉइंटला लावायची, दुसरी इकडच्या वायरींना एकेक करून लावत जायचं. डबडीतले दिवे लागले की तीच वायर. पण त्याला दोन माणसं लागत आणि त्याचा जोडीदार मेव्हणीच्या लग्नाला गेला होता. त्याने पृथ्वीराजला विचारलं. पृथ्वीराजची मीटिंग होती. शेफाली केटररशी फोनवर बोलत होती. तिने हातानेच नाही म्हटलं. सोमवारपासून नवराबायको दोघांना घरूनच काम करायचं होतं, तेव्हा काम आजच व्हायला हवं होतं, हे मात्र दोघांनी त्याला वेगवेगळं येऊन सांगितलं.

तीन देशांतली माणसं सांभाळतो म्हणे हा, द्वारकाबाईंनी मनात म्हटलं. त्याला दोन भोकं सांभाळता येईनात.

"मी बसते इथे," त्या मच्छिंद्रला म्हणाल्या.

"आजी, तुमचं काम न्हाय ते. बारीक असतंय."

"तुम्ही वर जा आणि मला फोन लावा."

त्यांनी खुर्ची कपाटापाशी ओढली, चष्मा बदलला, पदर खोचला. पहिली वायर सापडायला सोळा प्रयत्न लागले. मच्छिंद्र फोनवर उसासे टाकत होता. तिसऱ्या वायरीनंतर मात्र त्यांच्या लक्षात आलं की वरच्या मजल्याच्या वायरी भोकाच्या डावीकडून येतात आणि खालच्या उजवीकडून. मग हात चालू लागला. कालच्या पेपराच्या कोऱ्या कडा फाडून त्या चिठ्ठ्या करत होत्या, त्यावर टपोऱ्या अक्षरात लिहून वायरीला दोऱ्याने बांधत होत्या.

"ऋषीची खोली, खिडकीजवळचा."

"लागला. पुढचा."

"वरचं बाथरूम."

त्या थांबल्या. "बाथरूम?"

"आरशात टीव्ही बसतोय म्हणं."

"लागला. पुढचा."

"देवघर."

"देवाला काय पाहायचंय?"

"मला काय ठावं? ड्रॉइंगमधी हाय."

"लागला. पुढचा."

स्वतःचा तो आवाज त्यांनी कैक वर्षांत ऐकला नव्हता. कोरडा, नेमका, ना गोड ना रागीट. त्याच आवाजात त्यांनी एकदा मंडईतल्या एका गाळेवाल्याला नागपूर जोडून दिलं होतं. त्याची मुलगी तिकडे बाळंतपणात अडली होती. ठरलेली तीन मिनिटं संपली, सहा झाली, तरी द्वारकाबाईंनी दोर काढला नाही. वरिष्ठ मागे येऊन उभ्या राहिल्या तरी काढला नाही. पलीकडून मुलगी सुखरूप सुटल्याचं कळलं तेव्हाच काढला. गाळेवाल्याने दुसऱ्या दिवशी टेलिफोन खात्याच्या दारावर सीताफळांची पाटी पाठवली होती. पुढच्या आठवड्यात कॉलला उशीर झाला म्हणून त्यानेच त्यांचा उद्धार केला. द्वारकाबाईंना त्याचं काही वाटलं नव्हतं. त्याने सीताफळं पाठवली, हेच उलट त्यांना विचित्र वाटलं होतं.

साडेबारापर्यंत तेवीस वायरी लागल्या. शेवटची गेटवरच्या कॅमेऱ्याची. मच्छिंद्र घाम पुसत खाली आला आणि बांधलेल्या चिठ्ठ्या त्याने एकेक करून वाचल्या.

"मॅडम, तुमच्या खोलीला एक पण पॉइंट न्हाय," तो म्हणाला. सकाळपासून आजी म्हणणारा माणूस मॅडम म्हणाला, हे त्यांनी टिपलं.

"माहीत आहे."

"एक काढून देऊ का? बॉक्स इथंच हाय, हातभर वायर लागंल."

"कोणी फोन करणार आहे मला?" त्या म्हणाल्या. मग त्याला पाणी दिलं, आणि केटररने चाखायला पाठवलेल्या बासुंदीतली वाटीभर.

दोन वाजता बॉक्समध्ये हिरवे दिवे लुकलुकू लागले आणि पृथ्वीराज खाली आला. त्याने मच्छिंद्रच्या पाठीवर थाप मारली. मच्छिंद्रने सांगितलं, वायरी मॅडमनी शोधल्या, मी निस्ता हिंडलो.

"अरे वा," पृथ्वीराज हसला. "चला, आई, तुझा टाइमपास झाला."

द्वारकाबाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. संध्याकाळी पृथ्वीराजचा मित्र सौरभ आला आणि लॅपटॉप घेऊन तासभर खोल्याखोल्यांतून फिरला. आईने लावलंय, एकदा क्रॉसचेक कर, असं पृथ्वीराज जिन्यात त्याला म्हणाला. जिना त्यांच्या भिंतीलाच लागून होता. एकही वायर चुकली नव्हती. तेही त्यांना भिंतीतूनच कळलं.

सौरभ गेल्यावर बॉक्समधला पंखा सुरू झाला. घरघर फार नव्हती. नळ नीट बंद न केल्यासारखी होती. ऐकायचं नाही म्हटलं की तेवढीच ऐकू येणारी. द्वारकाबाईंनी पलंगावरच्या साड्यांकडे पाहिलं. पहिला गठ्ठा छातीशी धरला, जिना चढल्या आणि मुलाच्या बेडरूममधलं भिंतभर लांब कपाट उघडलं. त्याचे शर्ट एका बाजूला सारले. अशा तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला शेफाली दारात उभी होती.

"आई, हे काय करताय तुम्ही?"

"तुमच्या वायरी माझ्या कपाटात आहेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्या साड्या तुमच्या."

शेफालीने पलंगावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने फोनकडे. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी वाद नको, यावर बहुधा दोघांचं नजरेनेच एकमत झालं.

वास्तुशांत झाली. लोक आले, घर बघून गेले; आरशातला टीव्ही सगळ्यांना आवडला. तेव्हापासून रोज सकाळी सहाला आंघोळ करून द्वारकाबाई वर जातात. गुडघे दुखतात म्हणून मधल्या वळणावर थांबतात. मग मुलाच्या दारावर दोनदा टकटक करतात. पृथ्वीराज केस विसकटलेला, डोळे चोळत दार उघडतो आणि त्या साडी निवडेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहतो. त्या घाई करत नाहीत. एखादी घडी उलगडतात, पुन्हा घालतात.

महिन्याभराने तो म्हणाला, "आई, बॉक्स हलवू या आपण. जिन्याखाली जागा आहे. कशाला रोज चढतेस?"

तो खरंच त्यांच्या गुडघ्यांकडे पाहत होता. दिवसभरात तेवढी पाच मिनिटं तो त्यांच्यासमोर असे, आणि त्याच्या हातात, कानात काही नसे.

"राहू दे," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि आणखी एक घडी उलगडली.