सतरा माणसं आणि एक चादर

चौकातल्या फलकावरची ती बाई ताईला गेले दोन महिने रोज भेटत होती. बाई म्हणजे फोटोच, पण तीन मजले उंच. गळ्याभोवती लाल लोकरीची शाल, आणि शालीचा तंतू न् तंतू असा सुटा, की खालून जाणाऱ्याने मोजून घ्यावा. कोपऱ्यात ओळ होती: 'हा फोटो या फोनवर काढला आहे. तुम्हीही काढा.' बाकीची माणसं त्या फोटोखालून आपापल्या घाईत जात. ताई मात्र मान ताठ करून जाई, कारण तो फोटो तिच्या धाकट्या भावाने काढला होता. जगाच्या लेखी तो मोठा फोटोग्राफर होता. ताईच्या लेखी तो बाळ्या होता, चाळिशी उलटलेला बाळ्या.

"खरंच नुसत्या फोनवर काढलास?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"अगदी नुसत्या फोनवर," बाळ्या म्हणाला होता, आणि ताईने तसलाच फोन विकत घेतला होता.

आज दुपारी अडीच वाजता तो फोन शिवणयंत्राच्या फळीवर पालथा पडला होता आणि ताई त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. बावीस वर्षं तिने घराच्या या पुढच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड केल्या, कंबरा सैल केल्या, चेन बदलल्या. काहीतरी नवं, आपल्या हाताने बेतलेलं शिवायला तिचे हात शिवशिवत. आणि आता एका मोठ्या नाटक कंपनीला नव्या नाटकासाठी वीस कोट शिवून हवे होते. ज्याला काम हवं त्याने एक कोट शिवायचा आणि त्याचे तीन फोटो पाठवायचे. फोटोंवरून कंपनीच्या वेशभूषाबाई एकाच माणसाला निवडणार होत्या. शेवटची वेळ आज दुपारी चार.

कोट तयार होता. हिरव्या मखमलीचा, उंच कॉलरीचा, असा की पुतळ्यावर चढवल्यावर ताईची स्वतःचीच दृष्ट लागावी. पण फोटोत तो धुक्यात वाळत टाकलेल्या ओल्या ब्लँकेटसारखा दिसत होता. तिने चाळीस फोटो काढले. चाळीस ब्लँकेटं झाली.

तिने बाळ्याला फोन लावला. "तुझा फलक खोटं बोलतो."

"अगं, झालं काय?"

"ये. ये म्हणजे येच!"

बाळ्या पंधरा मिनिटांत हजर झाला. त्याने फोटो पाहिले, आणि शहाण्या माणसाला येतं तसलं हसू त्याच्या तोंडावर आलं. "फोनचा काय दोष गं ताई? कुठून बघायचं, किती वाकायचं, याला डोळा लागतो. आण इकडे." मग तो गुडघ्यावर बसला, जमिनीवर आडवा झाला, स्टुलावर चढला. अकरा फोटो काढले. पडद्यावर बोट फिरवत गेला आणि हळूहळू त्याचं हसू मावळलं.

ताईने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "तुझेही तसलेच!"

खरं तर तिचं काम बुडत होतं. पण आनंदाने तिने टाळी वाजवली, ती आवरलीच नाही. म्हणजे आपल्या हाताला काही झालेलं नाही तर!

"हा प्रकाशच बरोबर नाही," बाळ्या पुटपुटला. "भिंत पिवळी आहे. जागा कमी आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं! फलकाच्या वेळी कोण कोण होतं तिथे? खरं सांग."

बाळ्याने डोकं खाजवलं. "मी होतो. दिव्यांना चार जण. पांढरा बोर्ड धरायला दोघं. मेकअप, केस... शालीचे तंतू सुटे करायला एक बाई होती, तिचं तेवढंच काम. मग नंतर कॉम्प्युटरवर दोघं, चार दिवस."

"सगळे मिळून?"

"सतरा."

"आणि फोन?"

"फोन एकच."

"मग खाली लिहायला काय झालं होतं? जागा नव्हती? तीन मजले होते रे!"

बाळ्याचे कान लाल झाले. "फोटो फोनवरच काढला ताई, ते खोटं नाही," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

आता ताईची एक सवय सांगायला हवी. शिलाई आक्रसली की बाकीचे शिंपी यंत्राला शिव्या देतात. ताई कधीच देत नसे. ती शेवटच्या टाक्यापासून सुरुवात करी आणि एकेक टाका उसवत मागे जाई, जिथे चूक झाली तिथपर्यंत. तिने तोच हिशेब भावाला लावला. "शेवटापासून मागे चल. बटण तू दाबलंस. त्याच्या अगदी आधी काय झालं?"

"मी हात पुढे केला. सहायिकेने फोन हातात दिला."

"फोन तिच्याकडे कशाला होता?"

"प्रत्येक फोटोआधी ती तो पुस..." बाळ्याचं तोंड उघडंच राहिलं.

ताईने झटकन फोन उलटा केला. ती दिवसभर तो एप्रनच्या खिशात टाकी, आणि त्याच खिशात कापडावर खुणा करायचा निळा खडू असे. कॅमेऱ्याच्या इवल्याशा काचेवर खडूची पूड आणि यंत्राचं तेल यांचा छान लेप बसला होता. तीच पूड चष्म्यावर बसते म्हणून ती दिवसातून वीस वेळा चष्मा पुसायची. त्यासाठीचं मऊ फडकं आत्ताही तिच्या गळ्यात होतं. काखेत कळसा, तो असा. आणि भावाची गंमत याहून मोठी: इतक्या वर्षांत काच कधी स्वतः पुसावी लागली नव्हती, म्हणून एवढ्या जाणकाराच्याही ते डोक्यात आलं नाही.

ताईने फडक्याने काच लख्ख केली आणि फोटो काढला. धुकं गेलं!

"गेलं रे, गेलं!" ती ओरडली. पण फोटो जवळून पाहिला तर कोट स्वच्छ दिसत होता आणि काळा दिसत होता. मखमलीचा हिरवा रंग कुठेच नव्हता.

"याला दिवे लागतील," बाळ्या म्हणाला. "आता मात्र खरंच."

"तू सरक बाजूला. फोटो तुला कळतात, मखमल मला कळते." ताईने पुतळा कमरेत धरला आणि सरळ खिडकीशी ओढत नेला. धाग्याचा रंग कापडाशी जुळवायला ती रोज याच खिडकीत उभी राही. कुठल्या वेळेला कुठला रंग खरा दिसतो ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. तीननंतर इथे ऊन तिरकं येतं आणि चारच्या आधी समोरच्या इमारतीमागे जातं. मखमलीला लव असते. ती खाली बसली की रंग फिका पडतो, वर उभी राहिली की खोल होतो. ताईने तळहाताने सगळी लव खालून वर कुरवाळली. आणि कोटाची उजवी बाजू हिरवीगार झाली. डावी बाजू मात्र अंधारातच राहिली.

"इथे आम्ही पांढरा बोर्ड धरतो," बाळ्या म्हणाला. दोघांची नजर एकदमच इस्त्रीच्या टेबलावर गेली. त्यावर पांढरी चादर अंथरलेली होती.

"धर," ताई म्हणाली.

"मी?"

"मग कोण, फलकावरची बाई?"

तर अशा रीतीने शहराच्या चौकाचौकांत ज्याचे फोटो लागतात तो माणूस दोन्ही हात पसरून चादर धरून उभा राहिला. ऊन चादरीवर पडलं, तिथून कोटाच्या डाव्या बाजूवर उतरलं आणि काळ्यातून हिरवा वर आला. "कोपरं पोटाला टेकव," बाळ्या चादरीआडून सांगू लागला. "श्वास सोड आणि मग दाब. आता कॉलर धर, जवळून." ही विद्या मात्र त्याच्याकडे होती, आणि ताईने ती शब्द न् शब्द ऐकली. समोरून एक, पाठीमागून एक, कॉलरीचा एक. तिचं काळीज यंत्रासारखं धडधडत होतं. इतका आनंद तिला पहिलं शिवणयंत्र घरात आलं त्या दिवशी झाला होता.

फोटोंमध्ये कोट होता. तिचाच कोट, टाक्या-टाक्यासकट.

"हे फलकासारखे नाहीत," बाळ्या हळूच म्हणाला.

"नसू देत. हे कोटासारखे आहेत."

तिने कॉलरीचा फोटो मोठा करून पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कॉलरीच्या खालच्या घडीत पांढरा धागा दिसत होता. पक्की शिलाई मारण्याआधी कापड जागेवर राहावं म्हणून घालतात तो कच्चा टाका. तो काढायचा राहून गेला होता. शिंप्याला याहून मोठी नामुष्की नाही. कोटातला धागा तिने तत्क्षणी उपसला, पण फोटोतला कसा उपसणार? खिडकीतलं ऊन गेलं होतं. चारला आठ मिनिटं कमी होती.

"घाबरू नकोस," बाळ्या म्हणाला. "फोटोतला धागा मी पुसतो, अर्ध्या मिनिटाचं काम. आमच्याकडे याला वेगळा माणूसच असतो."

ताईने फोन त्याच्याकडे दिला. त्याचं बोट धाग्यावर पोचलं तोच तिने तो परत ओढून घेतला.

"अगं, काम जाईल!"

"जाऊ दे. तुझ्या फलकावर भुलून मी दोन महिने ताठ मानेनं हिंडले. माझ्या फोटोवर भुलून कुणी यायला नको." चारला तीन मिनिटं कमी असताना तिने तिन्ही फोटो पाठवून दिले आणि तो पांढरा धागा बोटाला गुंडाळत, सोडत बसली.

पावणेपाचला फोन वाजला. वेशभूषाबाई होत्या.

"तेहतीस कोट पाहिले मी," त्या म्हणाल्या. "बहुतेक इतके गुळगुळीत, की मखमल आहे की प्लास्टिक ते कळेना. तुमच्या कोटाचे टाके मला मोजता आले. पण कॉलरीखाली कच्चा धागा राहिलाय."

"काढला, बाई," ताई म्हणाली. "आत्ताच काढला."

"हो ना? मग उद्या कोट घेऊन या. उरलेल्या एकोणीस कोटांवर मात्र तसा एकही राहता कामा नये."

फोन बंद झाला आणि ताईने अशी आरोळी ठोकली, की रस्त्यावरची दोन माणसं थांबून वर बघू लागली. बाळ्याने तिला उचललंच. मग डोळे पुसून तिने कोटाचा पाठीमागून काढलेला फोटो घरच्या सगळ्यांना पाठवला आणि खाली एकेक अक्षर टिपत लिहिलं: 'फोटो मी काढला. चादर बाळ्याने धरली.'

बाळ्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग चादर नीट घडी करून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून बसला आणि आपल्या फोनमध्ये त्या सतरा जणांची नावं आठवून आठवून लिहू लागला. बारापाशी अडला.

"ताई," तो खजील होऊन म्हणाला, "काच पुसणाऱ्या त्या मुलीचं नाव मी कधी विचारलंच नाही गं."

"मग त्या अकरांपैकी कुणाला तरी आत्ता विचार," ताई म्हणाली आणि त्याचाच फोन त्याच्या कानाला लावला.